कुठला ‘हिटमॅन 2’?

अंधेरी (पूर्व)

चि. बाळास,


‘हिटमॅन 2’ या व्हिडिओ गेममधल्या मुंबईवर तू आणि तुझे मित्र मराठीत जो विकी लिहिता आहात, तो मी संध्याकाळी थोडा थोडा वाचते आहे. मजकूर उत्तम आहे. चाळीतून रेल्वे यार्डाकडे जायची वाट, लाँड्रीतली गर्दी, बांधकाम चालू असलेला तो उंच टॉवर, हे सगळं तुम्ही इतकं नीट लिहिलंय की खेळ कधीही न खेळलेल्या मला जागेचा अंदाज आला. डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्हने उभी केलेली ही मुंबई कुठे खरी आहे आणि कुठे कल्पनेतली, यावरचा तुझा परिच्छेद तर मी दोनदा वाचला.

मला बोलायचंय ते चित्रांबद्दल. तुमच्या विकीवर अपलोड केलेल्या सगळ्या फाइली एकत्र दाखवणारं पान मी उघडलं. तिथे ‘स्क्रीनशॉट (114)’ आहे. ‘20241103221407_1’ आहे. ‘आयएमजी-20241110-डब्ल्यूए0007’ आहे. मग ‘नवीन’, ‘नवीन 2’, ‘नवीन फायनल’ आणि ‘मुंबई भारी’. पहिलं नाव विंडोजने दिलंय, दुसरं स्टीमने, तिसरं व्हॉट्सअॅपने. स्टीमचे ते चौदा आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. चित्र कधी टिपलं ते यंत्राला कळतं, चित्रात काय आहे ते कळत नाही. ते सांगायचं काम तुमचं होतं, आणि ‘मुंबई भारी’ने ते होत नाही.

आणखी एक फाइल आहे, तिच्यामुळेच हे पत्र लिहायला बसले. ‘हिटमॅन 2 इंडिया 3’. वरवर पाहता नाव बरं वाटतं, खेळ कळतो, देश कळतो. पण ‘हिटमॅन 2’ नावाचे खेळ दोन आहेत, हे तुझ्याच विकीवर लिहिलंय. एक 2002 सालचा, ‘सायलेंट असॅसिन’ हे उपनाव असलेला. दुसरा नोव्हेंबर 2018चा. आणि दोन्हींत भारत आहे! जुन्यात मंदिरांच्या शहरातली मोहीम आहे, नव्यात आपली मुंबई. तुमच्यातल्या कुणीतरी दोन्ही खेळांची तुलना करणारा परिच्छेद लिहायला घेतला आहे. तो पुरा करणाऱ्याने ‘इंडिया 3’ कुठे लावायचं? जुन्या खेळाची चित्रं ढोबळ दिसतात, त्यामुळे आज डोळ्यांनी ओळखू येईलही. पण गोष्ट इथे संपत नाही. 2018ची ही मुंबई जानेवारी 2021मध्ये आलेल्या ‘हिटमॅन 3’मधूनही खेळता येऊ लागली, आणि जानेवारी 2023मध्ये त्या सगळ्याचं नाव ‘वर्ल्ड ऑफ असॅसिनेशन’ झालं. तीच चाळ, तेच यार्ड, प्रकाश आणि प्रतिबिंबं मात्र बदललेली. तीन वर्षांनी कुणी विचारलं, की हा स्क्रीनशॉट 2018च्या खेळातला की नंतरचा, तर ‘नवीन फायनल’ काय उत्तर देणार?

कोणत्या आवृत्तीतलं चित्र, हा प्रश्न किरकोळ वाटू देऊ नकोस. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला, हे शाळेतलं पोरही सांगेल. चार रिळांचा तो चित्रपट. त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे, असं आपण मानत आलो. पण फाळक्यांनी तीच कथा 1917मध्ये पुन्हा चित्रित केली होती, ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नावाने. आणि आज काही अभ्यासक म्हणतात, की हाती उरलेली रिळं 1913ची नसून 1917चीच आहेत. भारतातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथाचित्रपटाची ही अवस्था! रिळं आहेत, ती पडद्यावर दाखवता येतात, आणि ती नेमकी कुठल्या चित्रपटाची यावर विद्वानांत एकमत नाही. वस्तू हरवली तर निदान हरवली हे तरी कळतं. वस्तू हातात असून तिची ओळख हरवते तेव्हा वाद मिटवायला कुणी उरत नाही.

मी अंधेरीत एडिटिंग रूममध्ये सहायक म्हणून काम केलं ते फिल्मच्या काळात. 35 मिलिमीटरची फिल्म, एका फुटात 16 फ्रेम. लॅबमधून रोजचे रशेस, म्हणजे झालेल्या चित्रीकरणाच्या प्रती, यायच्या आणि आमचं पहिलं काम असायचं डब्यांवर पट्ट्या लावणं. चित्रपटाचं नाव, रीळ, सीन, शॉट, टेक, तारीख. टेक ओके की एनजी, म्हणजे बाद, तेही. सेटवर क्लॅपच्या पाटीवर तीच माहिती, कंटिन्युइटीच्या कागदावर तीच, आणि डब्यावर तीच. तिन्ही जुळली नाहीत तर कात्रीला हात लावायचा नाही, हा दंडक होता. फिल्मच्या कडेला कंपनीनेच छापलेले आकडे असायचे. पॉझिटिव्ह प्रतीवर संकलन पुरं झालं, की त्या आकड्यांवरून मूळ निगेटिव्ह कापली जायची. निगेटिव्ह कापणारी बाई सेटवर कधी गेलेली नसे. कथा तिला ठाऊक नसे, नट कोण हेही कधी कधी ठाऊक नसे. तिच्यासमोर आकडे आणि हातात कात्री. कट चुकला तर ती फ्रेम गेली, दुसरी प्रत नाही.

आम्ही पट्टी लिहायचो ती तिच्यासाठी. स्वतःसाठी लिहायची असती तर ‘पावसातलं गाणं’ एवढं पुरलं असतं, कारण चित्रीकरण आमच्या डोक्यात ताजं होतं. तुझ्या विकीलाही असा एक माणूस आहे. तो बोरिवलीत असेल नाही तर लातुरात, तुम्ही चौघं कोण हे त्याला माहीत नसेल, तुम्ही कॉलेज संपवून आपापल्या नोकऱ्यांना लागलेले असाल, आणि एका रात्री त्याला रेल्वे यार्डाच्या फाटकाचं चित्र हवं असेल. फाइलचं नाव त्याला समजलं पाहिजे. मला विचारशील तर यात सगळं आलं. तरी तुला हाताशी काहीतरी हवं असेल म्हणून पुढचं लिहिते.

नावात मोठ्याकडून लहानाकडे जा. आधी खेळ आणि त्याचं वर्ष, मग शहर, मग जागा, मग चित्रात प्रत्यक्ष काय दिसतं ते. ‘हिटमॅन 2 (2018) मुंबई रेल्वे यार्ड मुख्य फाटक’. क्रम एकदा ठरला की मोडायचा नाही. एकाने ‘मुंबई’ आधी लिहिलं आणि दुसऱ्याने ‘यार्ड’ आधी, तर यादीत शेजारी बसायची चित्रं दूर दूर जातात. ‘भारी’, ‘मस्त’, ‘फायनल’ ही विशेषणं नावात नकोत. मत बदलतं, आणि फायनलनंतरही एक फायनल येतोच. ‘स्क्रीनशॉट’ हा शब्दही गाळा. गेमच्या विकीवर तो जवळजवळ प्रत्येक फाइलला लागू पडतो, म्हणजे त्याने काहीच वेगळं कळत नाही.

आकडे घालायचेच असतील तर पुढची वाढ धरून घाला. यंत्र अक्षराला अक्षर लावून क्रम लावत असेल तर 1 नंतर 10 येतो आणि मग 2. म्हणून 01, 02 असं लिहायचं. पण दोन आकडी पुरतील का, हाही विचार हवा. पोकेमॉनमध्ये पिकाचूचा नंबर 25. वर्षानुवर्षं तो 025 असा लिहिला गेला, कारण तीन आकडी पुरेशी वाटत होती. नोव्हेंबर 2022मध्ये पोकेमॉनची संख्या हजाराच्या पलीकडे गेली आणि पिकाचू 0025 झाला. ज्यांनी चित्रांची नावं त्या तीन आकड्यांवर बांधली होती त्यांना केवढं काम पडलं असेल, विचार कर. तारीख घालायची तर वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, म्हणजे काळाचा क्रम आपोआप लागतो.

आता मराठीतल्या नावांचं. तुम्ही फाइलींना देवनागरीत नावं देता याचा मला मनापासून आनंद आहे, आणि ते सोडू नका. फक्त त्यातल्या खाचखळग्यांची माहिती असू दे, कारण इंग्रजीत लिहिलेल्या सूचनांमध्ये ती सापडत नाही. विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो त्यावरच तुमचाही विकी आहे. तिथे फाइलच्या नावाला 240 बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. आणि चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नव्हे, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘मुंबई’ पाहायला तीन अक्षरं, पण म, उकार, अनुस्वार, ब, ई अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. एकूण ऐंशी चिन्हांत नाव बसवायचं. पुरतात, पण फाइलच्या नावात वाक्य लिहायला घेतलंस तर पुरणार नाहीत.

यापेक्षा अवघड गोष्ट ‘ऱ्य’ची आहे. ‘पायऱ्या’, ‘किनाऱ्यावर’, ‘दुसऱ्या मजल्यावर’. हे जोडाक्षर संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येतं. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि मागोमाग एक जोडणारं अदृश्य चिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, विकीला मात्र ती दोन वेगळी नावं वाटतात. एकाने फाइल चढवली एका तऱ्हेने, दुसऱ्याने पानावर नाव टंकलं दुसऱ्या तऱ्हेने, की चित्राच्या जागी लाल दुवा येतो, आणि दोघंही शुद्धलेखन तपासत बसतात! नाव हाताने टंकू नका, फाइलच्या पानावरून उचलून चिकटवा, आणि चौघांनी एकच कळफलक वापरा. हाच नियम आकड्यांना लावा. 2018 असे इंग्रजी आकडे लिहायचे, की देवनागरी आकडे वापरायचे, ते आधी ठरवा. दोन्ही चालतील, मिसळ चालणार नाही. फाइलच्या शेवटी इंग्रजीत येणारं ‘जेपीजी’ लहान अक्षरांत आहे की मोठ्या, यावरूनही विकी दोन वेगळ्या फाइली धरतो, हेही लक्षात ठेव.

पात्रांच्या फाइलींबद्दल एक खास सूचना. दाऊद रंगन आणि वान्या शाह यांची नावं मुंबईच्या मोहिमेच्या सुरुवातीलाच कळतात, ती खुशाल लिहा. पण ‘मेलस्ट्रॉम’ कोण हे खेळणाऱ्याने धागेदोरे जुळवून शोधायचं असतं, ना? तुमच्या एका फाइलच्या नावात त्याचं खरं नाव ‘मेलस्ट्रॉम’च्या शेजारी आहे. चित्रावर बोट ठेवलं की ते दिसतं, शोधयंत्रातही येतं. जो अजून खेळतोय त्याची सगळी मजा गेली. मी ते नाव इथेही लिहीत नाही, कारण हे पत्र तुझा धाकटा भाऊ वाचणार आहे.

जुन्या फाइलीवर नवी फाइल चढवायची सोय विकीवर आहे, आणि तुम्ही ती फार सढळपणे वापरता. तेच चित्र जास्त स्वच्छ मिळालं, कडा नीट कापल्या, तर त्याच नावावर चढवायला हरकत नाही. पण 2018च्या खेळातल्या यार्डाच्या जागी 2023चं यार्ड चढवलं, तर ज्या पानावर ‘2018मध्ये असं दिसत होतं’ असं लिहिलंय ते पान त्या क्षणापासून खोटं बोलू लागतं. नवी आवृत्ती म्हणजे नवी फाइल, नव्या नावाने. माइनक्राफ्टच्या विकीची मंडळी हे कसं करतात ते पाहा. तिथे एकाच ठोकळ्याचं रूप खेळाच्या बदलांबरोबर बदलत गेलं, तर नावात जावा एडिशनसाठी ‘जेई’ आणि बेडरॉकसाठी ‘बीई’ घालून पुढे क्रमांक देतात, आणि जुनी रूपंही जपून ठेवतात. त्यामुळे एखाद्या ठोकळ्याचा सगळा इतिहास चित्रांतून लावता येतो. ही शिस्त मला फार आवडते.

नावात सगळं मावत नाही, मावायलाही नको. उरलेलं फाइलच्या पानावर लिहायचं, आणि तुमची ती पानं बहुतेक कोरी आहेत. कुणी टिपलं, कधी, कुठल्या यंत्रावर, खेळाची कुठली आवृत्ती, ग्राफिक्सची पातळी काय, चित्र कापलं किंवा उजळवलं का. आणि हे चित्र खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचं असून माहिती देण्यापुरतं वापरलं आहे, हेही स्पष्ट लिहायचं. स्क्रीनशॉट तू टिपलास म्हणून तुझा होत नाही. म्हणूनच विकिमीडिया कॉमन्ससारख्या मुक्त संग्रहात असे स्क्रीनशॉट घेत नाहीत. शिवाय व्हॉट्सअॅपवरून आलेलं चित्र दाबून लहान केलेलं असतं आणि त्यात साठवलेली माहितीही निघून जाते. मित्राकडून मूळ फाइलच मागत जा.

निवृत्तीनंतर मी कॉमन्सवर आपल्या भागाचे फोटो चढवते. तिथे कॅमेऱ्याने दिलेलं निव्वळ अक्षर-आकड्यांचं नाव घेऊन गेलं तर यंत्रच अडवतं, हे मला पटतं. फाइली एकत्र आणणाऱ्या वर्गांची किंमतही मला तिथेच कळली. आमच्या जवळच्या महाकाली लेण्यांना कोंडिविटे लेणी असंही म्हणतात. एकोणीस लेणी, नावं दोन. कुणी फाइलला हे नाव देतं, कुणी ते. वर्ग एकच असला की दोन्ही नावांचे फोटो एका ठिकाणी भेटतात. तुमच्या विकीवर ‘मुंबई’ असा एकच वर्ग आहे आणि त्यात सगळंच कोंबलंय. त्याच्या पोटात जागा, पात्रं, वस्तू, नकाशे असे उपवर्ग करा, आणि फाइल सगळ्यांत नेमक्या वर्गात ठेवा, वरच्या वर्गात पुन्हा नको. फार बारीक चिरफाडही करू नका. एका फाइलसाठी वर्ग काढण्यात अर्थ नाही.

नावं बदलायला तुमचे हात शिवशिवतील. जरा थांबा. नाव बदललं की जुन्या नावावरून नव्याकडे नेणारं पुनर्निर्देशन मागे राहिलं पाहिजे, नाहीतर जिथे जिथे ते चित्र लावलंय तिथे भोक पडतं. दादर स्टेशन आठव. पश्चिम रेल्वेचा एक नंबर फलाट वेगळा आणि मध्य रेल्वेचा एक नंबर वेगळा, त्यामुळे नवखा माणूस हमखास चुकायचा. 9 डिसेंबर 2023पासून पश्चिमेचे 1 ते 7 तसेच ठेवून मध्य रेल्वेचे 8 ते 14 केले. बदल आवश्यक होता, पण घोषणा आणि पाट्यांशिवाय तो करता आला नसता. विकीवर पुनर्निर्देशन ही ती पाटी. कॉमन्सवर तर नाव बदलायचा अधिकार ठरावीक लोकांनाच असतो आणि कारण द्यावं लागतं. निरर्थक नाव किंवा उघड चूक ही कारणं चालतात, ‘मला हे जास्त छान वाटतं’ हे चालत नाही.

आणि बदलाच्या उत्साहात खरी नावं पुसू नका. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं 2018मध्ये प्रभादेवी झालं. म्हणून जुन्या पाटीचा, ‘एल्फिन्स्टन रोड’ स्पष्ट वाचता येणारा फोटो ‘प्रभादेवीची पाटी’ होत नाही. आजचं नाव पानावर लिहावं, वर्गही आजच्या नावाचा असावा, पण फोटोचं नाव फोटोत जे आहे तेच सांगेल. तसंच 2021मध्ये ‘हिटमॅन 3’मधून टिपलेलं चित्र ‘हिटमॅन 3’चंच राहू दे.

आता कामाचं सांगते. जुन्या ढिगाला एकदम हात घालू नका. आजपासून जी फाइल चढेल ती नीट नावाने आणि भरलेल्या पानासह चढू दे. मग ज्या फाइली पानांवर लागलेल्या आहेत त्या घ्या. कुठेच न वापरलेल्या फाइलींची यादी विकी स्वतः काढून देतो, ती शेवटी पाहा, त्यातल्या बऱ्याच काढूनच टाकाव्या लागतील. ‘हिटमॅन 2 इंडिया 3’ ज्याने चढवली त्याला मात्र याच आठवड्यात गाठ आणि विचार, त्याला आठवतंय तोवर.

तुम्ही चौघं एकदा बसा, नावाचा क्रम, आकडे, कळफलक, वर्ग हे ठरवा आणि विकीवरच एका पानावर लिहून ठेवा. एका पानापेक्षा लांब करू नका, कुणी वाचणार नाही. पान तयार झालं की मला दुवा पाठव. मी वाचून लगेच कळवते.

तुझी,
आजी